तेहतीस ते चौसष्ट पानांचा युरोप

चाचांचा युरोप तेहतिसाव्या पानावर सुरू व्हायचा आणि चौसष्टाव्या पानावर संपायचा. त्याच्या आधी तिथे काय होतं याची त्यांना फारशी फिकीर नव्हती. नंतर काय झालं, या काळजीत मात्र त्यांची तीसेक वर्षं गेली होती.

चाचा कंपोझिटर होते. शिशाचे खिळे एकेक करून उचलायचे, ओळीत जुळवायचे, ओळींचं पान करायचं आणि सोळा पानांचा एक फर्मा बांधून मशीनवर द्यायचा, हा त्यांचा धंदा. तरुणपणी गिरगावातल्या एका छापखान्यात ते उमेदवारी करत होते, तेव्हा तिथे शाळेच्या इतिहासाचं एक मराठी पुस्तक छापायला आलं. त्यातला तिसरा आणि चौथा फर्मा चाचांच्या वाट्याला आला. युरोप मध्ययुगातून बाहेर कसा पडला, ते त्या बत्तीस पानांत होतं. तेहतिसावं पान वाक्याच्या मधूनच सुरू होत होतं, "राहिले नाहीत, त्यामुळे सरंजामदारांना मजूर मिळेनासे झाले." आणि चौसष्टावं पान वाक्याच्या मध्येच संपत होतं, "अखेर जहाजे आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थानच्या किनाऱ्यास लागली व तेथे त्यांनी". बस. पुढचा फर्मा शेजारच्या माणसाकडे गेला. तो माणूस जुळवताना वाचत नसे.

पुस्तक छापून झालं. कामगारांना प्रती देण्याची पद्धत नव्हती. चाचांनी विकत घ्यायचं ठरवलं तोवर अभ्यासक्रम बदलला आणि ते पुस्तक बाजारातून गेलं. पुढे ते बहारीनला आले, इंग्रजी जुळवायला लागले, अरबी जुळवायला शिकले, हजारो पानं त्यांच्या हाताखालून गेली, पण ते वाक्य काही पुरं झालं नाही.

मी त्या छापखान्यात लागले तेव्हा कुवेतचं युद्ध होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. नवरा मनामातल्या एका हॉटेलात कामाला, मी वसईहून नुकतीच आलेली, घरात बसून कंटाळलेली. तुबलीत गॅरेजांच्या रांगेत आमचा छापखाना होता. एका बाजूला रेडिएटर दुरुस्ती, दुसऱ्या बाजूला गाड्यांचं पेंटिंग. प्रूफं वाचायला आणि पत्रं टाइप करायला त्यांना कोणीतरी हवं होतं. मॅनेजर केरळचे. मालक बहारीनी, त्यांना सगळे अरबाब म्हणायचे आणि ते आठवड्यातून एकदा येऊन चहा पिऊन जायचे.

पहिल्याच दिवशी मागच्या खोलीतून एक सडपातळ गृहस्थ बाहेर आले. बोटांची टोकं काळी, शर्टाच्या खिशात चिमटा, तोंडात गुळाचा खडा. शिशाला गूळ हा उतारा असतो असं जुने कंपोझिटर मानायचे, म्हणून चाचा रोज सकाळी आपल्या गावाहून, म्हसळ्याहून आणलेला गूळ खायचे. आमच्या छापखान्यात बाकी कुणाला तो मिळत नसे, मला मात्र पहिल्या दिवशी मिळाला.

"मराठी हाईस?" त्यांनी विचारलं.

"हो. वसईची."

"काय शिकलीस?"

"बी.ए. इतिहास घेऊन."

चाचांनी गूळ एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "मग सांग. जहाजं हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागली. तिथं त्यांनी काय केलं?"

"व्यापार केला," मी म्हटलं. नोकरीचा पहिला दिवस, त्यामुळे जरा घाबरूनच.

"ते मना पण माहीत हाय. पुस्तकात काय लिवलं होतं?"

"कुठल्या पुस्तकात?"

मशीनवरची माणसं हसायला लागली. नवीन आलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारला जायचा. बिचाऱ्या मॅनेजरनाही विचारला गेला होता, आणि ते तर कॉमर्सचे. मी त्या दिवशी संध्याकाळी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की आमच्याकडे एक वेडा आहे. आठवड्याभरात मी दुपारचा डबा त्या वेड्याच्या खोलीत बसून खायला लागले.

चाचांच्या युरोपात राजे जवळजवळ नव्हतेच. ते बहुधा पाचव्या फर्म्यात असावेत. त्यांच्या युरोपात उंदीर होते, शेतमजूर होते, सोनार होते, खलाशी होते. साथ आली, गावंच्या गावं रिकामी झाली, उरलेल्या मजुराला भाव आला आणि तो जमीनदाराला म्हणाला, मी चाललो शहरात. इथून त्यांची गोष्ट सुरू व्हायची. "आपल्याकडं कूळ असायचं ना, तसंच. पण हे कूळ जमिनीला शिवलेलं. पैला टाका तुटला तो रोगानं." हे सांगताना हात थांबत नसत. बोटं न बघता केसमधल्या, म्हणजे खिळ्यांच्या पेटीतल्या, त्या त्या घरातून अक्षर उचलायची, ओळ भरत जायची, आणि चाचा मधेच माझ्या डब्यातल्या सुक्या बोंबलावर शेरा मारायचे.

सगळ्यात लाडका त्यांचा तो जर्मन सोनार. त्याचं नाव चाचा घेत नसत, "आपला सोनार" म्हणत. घरातलाच कुणी असावा असं बोलत. त्यानं द्राक्षं पिळायचं यंत्र बघितलं, आणि शिशाची अक्षरं ओतली. आधी एक ग्रंथ करायचा तर कातड्यासाठी अख्खा गोठा मारावा लागायचा आणि लिहायला साधू दोन-दोन वर्षं बसायचे. सोनाराने ते काम आठवड्यांवर आणलं. "कागद त्यांना कोणी दिला? ह्या आपल्या बाजूच्या लोकांनी," असं म्हणून चाचा खिडकीकडे हात करत. खिडकीबाहेर रेडिएटरवाल्याचं गॅरेज होतं, पण त्यांना बगदाद म्हणायचं असे.

मी कॅथलिक, म्हणून माझी थट्टा वेगळी.

"तुमच्या पोपची झोप कोणी उडवली?"

"त्या जर्मन साधूने. चर्चच्या दाराला कागद लावला त्याने."

"बी.ए. झालीस आणि एवढंच? असे साधू त्याच्या आधी पुष्कळ झाले. बोलले, जाळले, खलास. ह्याचा कागद कोणीतरी जुळवला, छापला, गावोगाव गेला. पोपची झोप कंपोझिटरने उडवली." आणि मग, मला राग आला नाही ना हे बघून, "गूळ खा."

त्यांना एकच जमात आवडत नसे, ती म्हणजे मठांत बसून बोरूने नकला करणारे साधू. छापखाना आला तेव्हा त्यातले कित्येक म्हणाले, ह्या अक्षरांत जीव नाही, हे टिकायचं नाही. चाचांना याचा खरोखर राग यायचा, चारपाचशे वर्षांपूर्वीच्या माणसांवर कुणी इतकं चिडतं का? "मूर्ख लोक. ज्यांनी बोरू ठेवून खिळे धरले त्यांची पोरं जेवली. बाकीचे आपल्या सुंदर अक्षरासकट गेले." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की पुढे त्याचं काय होणार आहे याची मला कल्पना आली नाही.

माणसांबद्दलची त्यांची मतंही छापखान्यातलीच. कुणी फार जवळ येऊन, फार बोलायला लागला की ते मला हळूच म्हणायचे, "ह्याला मार्जिन नाय." आमच्या अरबाबना भरपूर मार्जिन होतं. मॅनेजरना बेताचं. मला किती आहे असं एकदा विचारलं, तर म्हणाले, "तू अजून प्रूफात हाईस."

शुक्रवारी सुट्टी. नमाज झाला की चाचा कधीकधी पोर्तुगीज किल्ल्यावर जायचे. एकदा नवरा ड्यूटीवर होता म्हणून मीही गेले, मशीनवाल्याच्या गाडीत बसून. समुद्राकाठी खजुरीच्या बागांच्या पलीकडे तो पिवळट दगडांचा किल्ला. तेव्हा तिकडे फारसं कोणी फिरकत नसे, वारा मात्र भरपूर. चाचा एका बुरुजापाशी थांबले आणि भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "बघ, बसका हाय ना? तिरपा हाय. जुन्या काळात सरदाराची भिंत उंच असायची. तोफ आली आणि उंच भिंत सगळ्यात आधी पडायला लागली. मग भिंती खाली बसल्या, जाड झाल्या. हा दगड म्हंजे नवीन जमाना. मध्ययुग त्या उंच भिंतीसकट पडलं."

मी त्या कोनाकडे बघत होते आणि मला आमचा वसईचा किल्ला दिसत होता. तिथले बुरूज असेच तिरपे. लहानपणी आम्ही त्यांच्यावर बसून चिंचा खाल्लेल्या. मी म्हटलं, "चाचा, असाच आमच्याकडेही आहे. हीच माणसं. माझं आडनाव त्यांच्याच जहाजातून आलंय. माझा धर्मसुद्धा."

चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, काहीतरी चुकीचं बोलले. मग ते समुद्राकडे वळले.

"तिथं त्यांनी," ते स्वतःशीच म्हणाले, आणि मग मला, "मी सगळ्यांना विचारीत फिरतो, पुढचा फर्मा कुठं हाय, पुढचा फर्मा कुठं हाय. तू रोज माझ्या पुढ्यात बसून बोंबील खातेस."

तीन वर्षं कॉलेजात मी युरोपचा इतिहास पाठ केला होता. कारणे सांगा, परिणाम लिहा. त्यातलं काही माझ्या अंगाला लागलं नव्हतं. त्या दिवशी त्या वाऱ्यात मला पहिल्यांदा वाटलं की हे माझ्याबद्दल आहे. बहारीनमध्ये आमच्यासारखी माणसं आपण कुठून आलो ते फार सांगत बसत नाहीत. चाचांनी मला एका अर्धवट वाक्याच्या पुढे नेऊन बसवलं, आणि मला त्याचा फार अभिमान वाटला, तो अजून आहे.

त्यानंतर वर्षभरातच पुढच्या खोलीत कॉम्प्युटर आले. दोन यंत्रं, एक एसी फक्त त्यांच्यासाठी, आणि बिजू नावाचा ऑपरेटर. बिजू तिशीचा, हुशार, कामात झपाटा. चाचा जे पान दिवसभर जुळवायचे ते तो चहा निवायच्या आत करायचा. हळूहळू मागच्या खोलीत फक्त व्हिजिटिंग कार्डं यायला लागली, मग तीही पुढे जायला लागली.

चाचा रोज यायचे, केसमधले खिळे पुसायचे, परत घालायचे. मी एकदा म्हटलं, "चाचा, बिजूकडून शिकून घ्या की. तुम्हीच सांगायचात ना, बोरू ठेवून खिळे धरले त्यांचं भलं झालं." ते म्हणाले, "विचारून बघतो." विचारलं नाही. बिजूनेही बोलावलं नाही. तो त्यांच्याशी वाईट वागत नसे, त्याला ते दिसतच नसत.

कंपोझिटर लोक खिळे उलटे वाचतात. त्यामुळे चाचांना कुठलाही कागद समोरून, डोकं खाली पाय वर असा सहज वाचता यायचा. एका सकाळी ते मॅनेजरच्या टेबलासमोर उभे राहून सुट्टीबद्दल काही विचारत होते, आणि टेबलावर मी टाइप केलेली व्हिसांची यादी पडली होती. कुणाचा व्हिसा रिन्यू करायचा आणि कुणाचा नाही. बाहेर येऊन ते मला म्हणाले, "माझ्या नावापुढं काय टाइप केलंस ते पायलं. चूक नाय, स्पेलिंग बरोबर हाय."

मी आदल्या दिवशी ती यादी टाइप केली होती आणि त्यांना सांगितलं नव्हतं.

मॅनेजर वाईट नव्हते. त्यांनी चाचांना आत बोलावलं, मलाही बसवलं. "चाचा, कंपोझिंग तो खलास हो गया. कंपोझिटर का व्हिसा मैं कैसे मांगूं? एक काम करता हूं, हेल्पर में डाल देता हूं. तनखा वही. पैकिंग देखो, चाय देखो, बैठो आराम से."

"हेल्पर नहीं," चाचा म्हणाले.

"अरे, सिर्फ कागज पे."

"कागज पे ही नहीं. कैन्सल कर दो."

बाहेर येऊन मी त्यांच्याशी भांडले. म्हसळ्याला घर अर्धं बांधून पडलेलं, धाकटा मुलगा कॉलेजात, हे सगळं त्यांनीच मला सांगितलेलं. "पगार तोच आहे ना चाचा? पासपोर्टातला एक शब्द. कोण वाचतंय तो?"

"मी अक्षरं जुळवणारा माणूस," ते म्हणाले, "आणि मना सांगतेस, शब्द कोण वाचतंय?"

व्हिसा संपायला तीन आठवडे होते. त्यांनी तिकिटाची चौकशी सुरू केली. मॅनेजरने खिळे भंगारात द्यायचं ठरवलं, शिशाला वजनावर भाव येतो म्हणून. मी रोज चाचांची समजूत घालायची आणि ते रोज मला गूळ द्यायचे.

त्या तीन आठवड्यांतच अरबाबचे शाळेतले गुरुजी आले. फार म्हातारे, काठी टेकत चालणारे. त्यांनी मुलांसाठी एक छोटं पुस्तक लिहिलं होतं, युरोप मध्ययुगातून नव्या युगात कसा गेला यावर. निम्मं इंग्रजीत, निम्मं अरबीत, दोन्हींत तोच मजकूर. इंग्रजी डावीकडून उघडायचं, अरबी उजवीकडून, आणि दोन्ही येऊन मध्ये भेटणार, त्या मधल्या दोन पानांवर एका जहाजाचं चित्र. अरबाबने मॅनेजरला निक्षून सांगितलं की पहिली प्रत गुरुवारी संध्याकाळी गुरुजींच्या हातात पडली पाहिजे, आणि ती द्यायला अरबाब स्वतः येणार.

इंग्रजी बिजूने जुळवलं, प्रूफ मी वाचलं. किल्ले, साथ, सोनार, जहाजं, सगळे ओळखीचे लोक. मी चाचांना एक प्रूफ नेऊन दाखवलं. त्यांनी ते सावकाश वाचलं, "बरं लिवलंय," म्हणाले आणि परत दिलं. अरबी पानं बाहेरच्या एका टायपिस्टकडून तयार होऊन आली. बिजूने सगळी पानं मोठ्या शीटवर मांडली, छपाईची प्लेट झाली, आणि गुरुवारी सकाळी मशीन सुरू झालं.

चाचा मागून पाणी प्यायला आले होते. मशीनपाशी पहिला शीट पडला होता, तो त्यांनी उचलला. त्यांचं डोकं काम करत नव्हतं, हात करत होते, असं ते नंतर म्हणाले. शीट एकदा दुमडला, दोनदा दुमडला, तीनदा दुमडला, कडा अंगठ्याने फाडल्या आणि पुस्तकासारखा उजवीकडून उघडला. मग दुसरं पान. मग तिसरं.

"मशीन बंद करा," ते म्हणाले.

मशीनवाल्याने बंद केलं. बिजू आतून आला. "क्या हुआ?"

"अरबी उलटी है."

"कैसे उलटी है? नंबर देखो. सब बराबर है, मैंने चार्ट से लगाया है."

"चार्ट अंग्रेजी का है," चाचा म्हणाले आणि तो दुमडलेला शीट त्याच्या हातात ठेवला. "समझो, तुम उस्ताद के स्कूल का लड़का है. किताब सीधे हाथ से खोलो. पहला पन्ना क्या है?"

बिजूने उघडला. पहिल्या पानावर जहाज होतं. मधल्या पानावर जे यायचं ते पहिल्यावर. तो उलटत गेला. जहाजानंतर छापखाना, छापखान्यानंतर साथ, साथीनंतर उंच भिंतींचा किल्ला. इंग्रजीतला युरोप मध्ययुगातून नव्या युगात येत होता, आणि अरबीतला नव्या युगातून निघून मध्ययुगात चालला होता. सपाट शीटवर हे कळायला मार्ग नव्हता. आकडे सगळे बरोबर होते, फक्त घडी दुसऱ्या बाजूची होती. घडी घालून बघावी असं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं, मलासुद्धा.

मॅनेजर घामाघूम झाले. मी चाचांकडे बघत होते. दहा दिवसांनी ज्याचा व्हिसा संपणार, ज्याला चहा बघायला सांगितलं होतं, तो माणूस पाण्याचा ग्लास ठेवून परत जाऊ शकला असता. कुणी त्याला दोष दिला नसता, कुणाला कळलंही नसतं. मी हे त्यांना नंतर बोलून दाखवलं तर ते माझ्यावर पहिल्यांदा चिडले. "मी काय त्या मॅनेजरचा युरोप वाचवला? पोरं वाचणार होती ते."

चाचांनी हात धुतले. भुसा आणि साबण लावून, नखांत घासून, नेहमीसारखे सावकाश. सगळे उभे. मग त्यांनी एक कोरा कागद घेतला, तीन घड्या घातल्या, घडी तशीच ठेवून उजवीकडून एक, दोन, तीन असे पेन्सिलीने आकडे टाकले आणि कागद उलगडून बिजूच्या काचेच्या टेबलावर चिकटवला. "ये देखके लगाओ. मैं पढ़ता हूं." बिजू पानं लावत गेला, चाचा टेबलाच्या काठाकाठाने फिरत वाचत गेले. दुपारी कुणी जेवलं नाही. असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, बांग झाली तेव्हा नवी प्लेट मशीनवर चढत होती.

संध्याकाळी गुरुजी आले. अरबाबने दोन्ही हातांनी प्रत पुढे केली. गुरुजींनी ती उजवीकडून उघडली, एकेक पान उलटत मध्यापर्यंत आले, मग पुस्तक फिरवून डावीकडून आले, पुन्हा त्याच जहाजापाशी, आणि खुदकन हसले. आमचे अरबाब, एवढा मोठा माणूस, शाबासकी मिळालेल्या विद्यार्थ्यासारखे उभे होते. चाचा दाराशी होते. त्यांना कुणी पुढे बोलावलं नाही, पण ते गेलेही नाहीत.

शनिवारी सकाळी मॅनेजरने मला बोलावलं आणि चाचांचा रिन्यूअलचा फॉर्म पुढे केला. "टाइप करो."

"प्रोफेशन?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला. "पूछो उनसे. जो बोलेंगे वो लिखो."

मी मागच्या खोलीत धावतच गेले. चाचा खिळे पोत्यांत भरत होते, भंगारवाला यायचा होता. मी मदतीला वाकले तर मला हात लावू दिला नाही. मी विचारलं, काय लिहू? कंपोझिटर लिहू?

"कंपोझिटर कसा लिवशील? खिळे चालले."

"मग काय लिहू सांगा ना."

ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "तिकडं कारागिरांची मंडळं होती. पंचावन्नाव्या पानावर हाय. पोरगा उमेदवारी करायचा, वर्षानुवर्षं राबायचा, आणि मग आपल्या हातचा एक नग बनवून पंचांपुढं ठेवायचा. पंचांना पसंत पडला तर ते त्याला मास्टर म्हणायचे. आपल्या तोंडानं कोणी मास्टर होत नसे. मना काय विचारतेस? मी आपला नग ठेवलाय."

मी परत गेले आणि हे सगळं मॅनेजरना माझ्या वसईच्या हिंदीत सांगितलं. ते पेन हातात फिरवत बसले. बिजू दाराशी उभा होता, कॉफीचा कप घेऊन, तो कधी आला मला कळलं नाही. शर्टाच्या खिशात चाचांनी घडी घातलेला तो कागद होता.

"मास्टर लिखो," बिजू म्हणाला. "मास्टर प्रिंटर."

"इमिग्रेशन लेगा क्या?" मॅनेजर म्हणाले.

"वो बाद में देखेंगे. आप लिखो."

मी टाइप केलं. आयुष्यात मी पुष्कळ पत्रं टाइप केली आहेत, माझ्या स्वतःच्या बढतीचंसुद्धा एक. पण ते दोन शब्द ठोकताना झाला तेवढा आनंद मला पुन्हा झाला नाही.

खिळे त्याच दिवशी गेले. चाचांनी स्वतः पोती पिकअपमध्ये चढवली, शेवटचं पोतं चढवून हात झटकले आणि म्हणाले, "साधूंचे बोरू कुठं गेले, कोणी विचारलं?" दुसऱ्या दिवसापासून दुपारी ते बिजूच्या शेजारी स्टूल टाकून बसायला लागले. माऊस त्यांच्या हातात ठरत नसे. बिजू पहिल्या दिवशी हसला, मग हसायचा थांबला, कारण चाचा एकदा सांगितलेलं पुन्हा विचारत नसत.

इमिग्रेशनने काही हरकत घेतली नाही. व्हिसा लागून पासपोर्ट आला तेव्हा तो मीच नेऊन दिला. चाचांनी चष्मा लावला, पान उघडलं, सरळ धरून वाचलं. मग बोटाने ती ओळ चाचपली, जणू ती खिळ्यांसारखी उठून आलेली असणार.

"बिजूला बोलव," ते म्हणाले.

"आत्ता? तो कामात आहे."

"बोलव. मास्टरच्या हाताखाली कोणी शिकत नसंल तर तो कसला मास्टर? त्याला घड्या शिकवायच्या हाईत. आठ पानी, सोळा पानी, बत्तीस पानी, सीधी आणि अरबी. कॉम्प्युटरमंदी जे नाय ते सगळं."

मी पुढच्या खोलीत जाऊन निरोप दिला. बिजूने स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चालू काम तसंच सोडून उठला. मागच्या खोलीत केस गेल्यावर जागाच जागा झाली होती. चाचांनी टेबलावर कोरे कागद मांडून ठेवले होते आणि समोर एक खुर्ची. बिजूने हात धुतले, खुर्ची बाजूला सरकवली, आणि उमेदवारासारखा उभाच राहिला.